लॉफ्टचा भाव: सांगितलेला धरायचा की झालेला?

चौरसफूट:
लॉफ्ट म्हणजे स्वयंपाकघरावरचा माळा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो (मागे एकदा यावरच पंधरा प्रतिसाद वाया गेले). जुन्या कारखान्या-गोदामांतून निघालेले, उंच छताचे, मधे भिंती नसलेले फ्लॅट. माझं म्हणणं एवढंच की जाहिरातीतले आकडे दाखवून ‘भाव चढलेत’ म्हणणं थांबवा. मागणारा काहीही मागतो. कागदावर चढतो तो भाव.

एक हिशेब बघा. मालकाने 100 मागितले. तीन महिने कोणी फिरकलं नाही, मग 92 केले, शेवटी 90 ला सौदा झाला. एजंट ऐकवणार, ‘आमच्याकडे मागितल्याच्या 98 टक्के मिळतात’. कारण तो 90 ला 92 ने भागतो. पहिल्या 100 ने भागा की, सरळ दहा टक्के उतरले.

घासाघीस:
उदाहरण उत्तम, पण ते माझ्या बाजूचं आहे, म्हणजे मागितलेला भावही बघायला हवा या बाजूचं. 100 चे 92 झाले हे तुम्हाला कळलं कुठून? जाहिरातीतूनच ना?

सौदा आज ठरतो, कागद होतात दोन-तीन महिन्यांनी, नोंद दिसते त्याच्याही नंतर. अमेरिकेतला घरांच्या किमतींचा केस-शिलर निर्देशांक घ्या. एकाच घराच्या आधीच्या आणि नंतरच्या विक्रीची जोडी लावून काढतात, पद्धत चोख आहे. पण आकडा तीन महिन्यांच्या सरासरीचा, आणि येतो दोन महिने उशिरा. मधे व्याजदर चढले तर तुम्ही सरलेल्या पावसाची नोंद बघून छत्री घ्यायची की नाही ते ठरवताय.

मी स्वतः एका लॉफ्टवर पाच महिने नजर ठेवून होतो. मधे जाहिरात गायब झाली, पंधरा दिवसांनी ‘नवीन’ असा शिक्का घेऊन परत आली. फोटोत तोच हिरवा सोफा, खिडकीत तीच सुकलेली कुंडी. मालक किती टेकीला आलाय ते त्या कुंडीने सांगितलं. तुमच्या विक्रीच्या नोंदीत कुंडी नसते.

उंचछत:
किंमत कुठली धरायची यावर भांडताय, भागताय कशाने ते कोणी बघत नाही. जाहिरातीत 1,000 चौरस फूट, त्यातले 250 मेझनाइनचे, म्हणजे उंच छताखाली काढलेल्या अर्ध्या मजल्याचे, जिथे सरळ उभंही राहता येत नाही. चौरस फुटाचा दर 100 दिसतो. ते 250 वगळा, 133 होतो. शेजारच्या लॉफ्टला मेझनाइन नाही, त्याचा दर 120. मग महाग कुठला?

आणि राहायची परवानगी? न्यूयॉर्कच्या सोहोत 1971 साली कारखान्यांच्या मजल्यांवर राहायला मुभा मिळाली, तीही प्रमाणपत्र असलेल्या कलाकारांना. तशी अट असलेला मजला आणि अट नसलेला मजला, दोघांची एकत्र सरासरी काढून हाती काय लागणार?

चौरसफूट:
मेझनाइनचं पटलं. कुंडीचं अर्धं पटलं, कारण कुंडी बघायला पाच महिने कोणाकडे आहेत? लोक यादी उघडतात आणि सरासरी काढतात. बेताच्या भावातले लॉफ्ट आठवड्यात उचलले जातात, अडून बसलेले महागडे उरतात. उरलेल्यांची सरासरी चढीच दिसणार. एकही घर महाग न होता ‘भाव’ वाढतो.

घासाघीस:
म्हणून तर मी सगळी यादी धरतच नाही. या महिन्यात नव्याने आलेले किती आणि भाव उतरवलेले किती, एवढंच बघतो. ब्रिटनमध्ये राइटमूव्ह या घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळाचा निर्देशांक नव्याने आलेल्या घरांच्या मागितलेल्या किमतींवरच असतो आणि लँड रजिस्ट्री, म्हणजे मालमत्तांची सरकारी नोंदणी, झालेल्या किमती देते. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला कोणी अडवलंय का?

गाळणी तुमच्याकडेही आहे. मंदीत ज्याला थांबणं परवडतं तो विकतच नाही, त्याचा आकडा नोंदीत येतच नाही. शिवाय विकणाऱ्याने दुरुस्तीचे पैसे परत दिले, फर्निचर सोडलं, तर कागदावर 90 च राहतात, मिळतात 86. आणि एका इमारतीत वर्षाला पाच लॉफ्ट विकले जात असतील, तर पाच आकड्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) काढून कसला कल बघताय?

उंचछत:
दोघांपैकी कोणी टेप घेऊन आत गेलं होतं का?

चौरसफूट:
गेलो होतो. मेझनाइनवर डोकं आपटलं. ते 250 फूट मी तेव्हाच वजा केले.