बंद टीव्ही युनिटमध्ये यंत्रे थंड कशी ठेवता? : अनुभव मागवीत आहे

टीव्ही युनिट सुताराकडून करून घेताना आपण सनमायकाचा रंग, कप्प्यांची मापे आणि वायरी कशा लपतील यांचा बारकाईने विचार करतो. आत बसणारी यंत्रे किती तापतील याची चौकशी सहसा होत नाही. रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, माहितीपुस्तिकेत वर, मागे आणि बाजूंना किती जागा मोकळी सोडावी हे दिलेले असते, आणि भोवतालच्या हवेचे तापमान बहुधा ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आत असावे असेही म्हटलेले असते. ही अट यंत्राला प्रत्यक्ष वेढणाऱ्या, म्हणजे कप्प्यातल्या हवेला लागू होते. ज्यांनी घरी यावर उपाय केला आहे, त्यांनी तो मापांसह लिहावा. हवा कोठून आत येते आणि कोठून बाहेर पडते, हे अवश्य सांगावे; माझ्या मते सगळा प्रश्न तेवढ्यातच आहे.

सुरुवात मी करतो.

पुणे
आमचा रिसीव्हर क्लास एबी या जुन्या, अधिक तापणाऱ्या रचनेचा आहे. घरात आपण ज्या आवाजात चित्रपट पाहतो, त्या आवाजात असा अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेतच घालवतो. माशांच्या टाकीसाठी मिळणारे, लांब वायरीचे दोन स्वस्त डिजिटल थर्मामीटर आणून एकाचे टोक कप्प्याच्या छताजवळ आणि दुसऱ्याचे खोलीत ठेवले. झडप बंद करून पूर्ण चित्रपट पाहिला, तेव्हा कप्पा खोलीपेक्षा १४ अंशांनी अधिक तापला होता.

त्यानंतर हिशेब मांडला. एक घनमीटर हवेचे तापमान एका अंशाने वाढायला सुमारे १,२०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे कप्प्यात १०० वॉट उष्णता सतत निर्माण होत असेल आणि खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक वाढ नको असेल, तर ताशी ३० घनमीटर हवा बदलली पाहिजे. संगणकाचा १२० मिलिमीटरचा पंखा कमी वेगातही एवढे काम करतो, मात्र हवेला वाट मोकळी हवी. म्हणून सुताराकडून खालच्या फळीत पुढच्या बाजूला ३० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद अशी खाच पाडून घेतली आणि पंखा वरच्या फळीत, मागच्या कोपऱ्यात, हवा बाहेर फेकेल असा बसवला. पंख्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर भरते, तेव्हा आत येण्याची वाट त्याहून लहान असू नये. दोन्ही छिद्रे शेजारी-शेजारी ठेवली, तर बाहेरची हवा आत येऊन लगेच बाहेर जाते आणि यंत्राभोवतीची गरम हवा जागेवरच राहते. १२ व्होल्टचा पंखा मी ७ व्होल्टवर चालवतो. वेग निम्मा केला की पंख्याचा आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. शांत प्रसंगातही तो ऐकू येत नाही.

ठाणे
आमच्याकडे पंख्याची गरजच पडली नाही. सेट-टॉप बॉक्स रिसीव्हरच्या डोक्यावर, नेमका त्याच्या झरोक्यांवर ठेवलेला होता. रेकॉर्डिंगचा बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून चालूच असतो, त्यामुळे दोघेही एकमेकांना तापवत होते. बॉक्स वेगळ्या कप्प्यात हलवला आणि झडपांच्या काचा काढून वेताची जाळी बसवली. रिमोटही बऱ्याच अंशी तिच्यातून चालतो.

नागपूर
पुण्याचा हिशेब योग्य आहे, पण आमच्याकडच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी की पंखा कप्प्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना दुपारी खोलीच पुस्तिकेतील मर्यादेशी येऊन पोचते आणि वर कप्प्याची भर पडते. आम्ही युनिट पश्चिमेच्या भिंतीवरून उत्तरेच्या भिंतीवर नेले, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. होळी झाली की झडपा बिजागऱ्यांतून काढून माळ्यावर ठेवतो. कूलरचा झोत मात्र युनिटवर घेऊ नये. त्यातली ओल आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब यंत्रांत जातात.

मालवण
आमच्याकडे उष्म्याइतकाच दमटपणाचा त्रास आहे. पावसाळ्यात यंत्रांची थोडी ऊब उपकारकच असते, ती ओल धरू देत नाही. म्हणून पंखा सतत न चालवता ४० अंशांना चालू होणारा थर्मोस्टॅट लावला आहे आणि जून ते सप्टेंबर सगळी यंत्रे रोज थोडा वेळ तरी चालवतो. ऊब शोधत पालीही येतात, आणि पाल सर्किटवर चढली तर शॉर्ट होऊन यंत्र निकामी होऊ शकते. प्रत्येक छिद्राला बारीक स्टीलची जाळी आहे. जाळीने हवा अडते, तेव्हा छिद्र हिशेबापेक्षा मोठे घ्यावे आणि जाळीवरची धूळ ब्रशने काढत राहावी.

नाशिक
मी आयुष्यभर रेडिओ आणि टीव्हीच्या दुरुस्तीचे काम केले. वाल्व्हच्या (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या) रेडिओची मागची पाटी भोके पाडलेल्या हार्डबोर्डची असे, ती वाल्व्हची उष्णता बाहेर जावी म्हणून. पुढे लाकडी सरक्या झडपांचे टीव्ही आले. घरोघरी त्यांच्यावर भरतकामाचे आच्छादन असे आणि मागची बाजू भिंतीला टेकवलेली असे. दुरुस्तीला आलेल्या अशा संचांत मला वारंवार आढळायचा तो पॉवर सप्लायमधला, हीट सिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) शेजारचा फुगलेला कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते. १०५ अंशांना २,००० तास अशी ज्याची क्षमता सांगितलेली असते, तो या नियमाने ७५ अंशांना सुमारे १६,००० तास आणि ६५ अंशांना ३२,००० तास टिकतो. कप्प्यातले १० अंश कमी करणे म्हणजे यंत्राचे आयुष्य जवळजवळ दुप्पट करणे, हे मी प्रत्येक ग्राहकाला कळकळीने सांगत असे. अतिउष्णतेने यंत्र आपोआप बंद पडते तो शेवटचा इशारा असतो. त्याच्या कितीतरी आधीपासून आतली झीज सुरू झालेली असते.

कोल्हापूर
प्रोजेक्टरसाठी छताजवळ प्लायची पेटी केली आहे. प्रोजेक्टरने एका बाजूने फेकलेली गरम हवा पेटीत फिरून पुन्हा त्याच्याच दुसऱ्या बाजूने आत ओढली जात होती. मधे प्लायचा उभा पडदा घालून थंड आणि गरम बाजू वेगळ्या केल्यावर, मोठा पंखा न बसवताही, तापमानाची सूचना येणे थांबले. आमचा प्रोजेक्टर दिव्याचा आहे, त्यामुळे बंद केल्यावरही त्याचा पंखा थोडा वेळ फिरत राहतो. तेवढ्यात भिंतीवरचे बटण बंद करू नये, असे घरातल्या सर्वांना सांगून ठेवले आहे.

डोंबिवली
राउटरला जोडलेला छोटा यूपीएसही त्याच कप्प्यात ठेवला जातो, त्याचा उल्लेख वर कोणी केलेला नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीलाही २५ अंशांच्या वर हाच निम्म्याचा नियम जवळपास लागू पडतो. आमचा राउटर आणि यूपीएस आता युनिटबाहेर, टीव्हीच्या बाजूला भिंतीवर उघड्या फळीवर आहेत. वायरी थोड्या दिसतात, पण वायफायची रेंजही पूर्वीपेक्षा चांगली मिळते.