दहा रुपयांचा फंड स्वस्त नसतो

सोयाबीनचे पैसे आलेत, बँकेतले साहेब दहा रुपये एनएव्हीचा (एनएव्ही म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव) नवा म्युच्युअल फंड सुचवतात, घ्यावा का, असं एकानं विचारलंय. माझं मत: नका घेऊ. एनएव्ही दहा असो की पाचशे, आतले शेअर त्याच बाजारभावानं घेतलेले असतात. शिवाय नव्या फंडाची मागची कामगिरीच नाही, मग तपासणार काय?

त्यापेक्षा एक्स्पेन्स रेशो बघा, म्हणजे फंड दरवर्षी खर्चापोटी किती टक्के कापतो ते. १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन मिळतात, त्यात एजंटचं कमिशन नसतं. १ लाख रुपये २० वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर साधारण ९.६५ लाख होतात, ११ टक्क्यांनी ८.०६ लाख. (हा नुसता हिशोब आहे, हमी नव्हे.) एका टक्क्यात दीड लाखाहून जास्त गेले!

आणि आपल्या लातूर-धाराशिवकडं दरमहा पैसा कुठं येतो? सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास, तुरीचा त्यानंतर. म्हणून रक्कम आधी लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या) ठेवा, तिथून एसटीपीनं, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात आपोआप पैसे वळवायच्या सोयीनं, दरमहा थोडी थोडी इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या) वळवा. दोन्ही फंड एकाच कंपनीचे लागतात, हे आधीच बघून घ्या. पुढच्या पेरणीच्या बियाण्या-खताचा पैसा मात्र शेअरच्या फंडात अजिबात घालू नका. जूनमध्ये बाजार पडलेला असला तर तोट्यात विकावं लागेल.