गॅलापागोस: सहा जणांचं बजेट किती धरायचं? (मदत हवी आहे)

मुग्धा_जर्सी
नमस्कार, घाईत लिहितेय. या उन्हाळ्यात गॅलापागोसला (इक्वाडोरची बेटं) जायचं जवळपास नक्की केलंय पण पैशांचं गणित काही केल्या बसत नाहीये. दोन एजंटांशी बोलले. एक म्हणतो क्रूझच करा, माणशी साडेचार हजार डॉलर. दुसरा म्हणतो बेटावर हॉटेलात राहा, निम्म्यात होईल, पण त्या निम्म्यात काय काय धरलंय विचारलं की नुसतं "मॅडम, सगळं होऊन जाईल". नेटवर बघावं तर तिथल्या नॅशनल पार्कची फी कुठे 100 लिहिलीये कुठे 200. आम्ही सहा जण आहोत. मला एवढंच सांगा की एकूण किती धरायचे आणि कात्री कुठे लावता येईल. तिकिटं रोज वाढतायत, या वीकेंडला बुक करायचंय, तर प्लीज लवकर.

पिंपळपान
सहा जण म्हणजे कोण कोण? मुलं आहेत का, वयं काय? पासपोर्ट कुठले? उन्हाळा म्हणजे नक्की कुठला महिना? किती रात्री? एवढं कळल्याशिवाय आकडा कसा सांगणार.

दर्यावर्दी_७८
फी 200 च. 1 ऑगस्ट 2024 पासून दुप्पट झाली, 100 लिहिलेल्या साइट्स जुन्या आहेत. ती विमानतळावर उतरल्यावर कॅशमध्ये द्यायची. त्याशिवाय इक्वाडोरमधल्या क्वीटो किंवा ग्वायाकिलच्या विमानतळावर चेक-इनच्या आधी ट्रान्झिट कार्ड (बेटांवर जायचा परवाना) घ्यावं लागतं, माणशी 20. क्रूझ घ्या नाहीतर हॉटेल, हे दोन्ही सुटत नाहीत, आणि क्रूझच्या किमतीत बहुतेक वेळा हे धरलेलं नसतं.
बाकी माझं मत विचाराल तर डोळे मिटून क्रूझ. हेनोवेसा आणि फर्नांदिना ही बेटं क्रूझशिवाय होत नाहीत. रात्री बोट चालते, सकाळी डोळे उघडले की नवीन बेट. आयुष्यात एकदा जाणार, तिथे काटकसर करू नये.

झुणका_भाकर
अहो दर्यावर्दी, त्यांनी बजेट विचारलंय. सहा गुणिले साडेचार हजार म्हणजे 27 हजार डॉलर झाले की.

कोकणकडा
एवढे पैसे घालून इतक्या लांब कशाला? अंदमानला जा. वंडूरला महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क आहे, जॉली बॉय बेटाचं पाणी बघून वेड लागतं. फक्त सोमवारी बंद असतं ते लक्षात ठेवा. आणि सेल्युलर जेल मुलांनी बघायलाच हवं.

मुग्धा_जर्सी
कोकणकडा, अंदमान झालंय, सुंदर आहे, पण प्रश्न तो नाहीये.
पिंपळपान: मी, नवरा, दोन मुली (11 आणि 8), आणि माझे आईबाबा, ते मे महिन्यात पुण्याहून आमच्याकडे येतायत. आमच्या चौघांचे पासपोर्ट अमेरिकन. बेटांवर सात रात्री. शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संपते, आम्ही जुलैचा शेवटचा आठवडा धरलाय. आता तरी आकडा सांगा कोणीतरी.

पिंपळपान
आईबाबांचे पासपोर्ट भारतीय ना? मग आकडा राहू दे, आधी व्हिसा. इक्वाडोरने 2019 मध्ये भारतीयांना व्हिसा लागू केलाय. तिकीट काढण्याआधी हे बघा.

अटलांटावाला
त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा असेल तर लागत नाही असं आमच्या इथल्या मंडळात कोणीतरी म्हणालं होतं.

पिंपळपान
मंडळात कोणीतरी म्हणालं यावर सहा तिकिटं काढायची का? कॉन्सुलेटला मेल टाका, लेखी उत्तर घ्या, ते प्रिंट करून जवळ ठेवा. काउंटरवरच्या माणसाने अडवलं तर म्हातारी माणसं कुठे बसणार.

दुर्बीण
कॅमेरा कुठला आहे? मोठी लेन्स नेऊ नका, वजन वाढतं. तिथे प्राणी माणसाला बिचकतच नाहीत, नियमाने दोन मीटर लांब राहायचं एवढंच, त्यामुळे साध्या झूमवर सगळं मिळतं. फ्लॅश चालत नाही. ड्रोन तर विसराच.

सुगरण_ऑस्टिन
मुग्धा, मोठीला 12 कधी पूर्ण होतात? विचारतेय कारण 12 च्या आतल्या मुलांना फी 100 आहे.

मुग्धा_जर्सी
20 जुलैला!!

सुगरण_ऑस्टिन
मग जुलैचा शेवटचा आठवडा कशाला, शाळा संपली की लगेच निघा. चार मोठे आठशे, दोन मुली दोनशे, म्हणजे हजार, वर कार्डांचे 120. वाढदिवसानंतर गेलात तर शंभर जास्त. शंभर म्हणजे काही फार नाही, पण तेवढ्यात मुली, तुम्ही आणि सगळे दोन वेळा जेवाल.
आम्ही गेल्या वर्षी हॉटेलात राहून केलं, सासूबाई सोबत होत्या, त्यावरून तुमचा अंदाज मांडते. मुख्य भूमीवरून बेटावर जाऊन-येऊन विमान आम्हाला माणशी चारशेच्या आसपास पडलं, सहा जणांचे 2400. साध्या स्वच्छ हॉटेलात खोली 80 ला मिळते, तीन खोल्या सात रात्री म्हणजे 1680. जेवणाला दिवसाला माणशी 25 धरा, 1050. सगळ्यात जास्त पैसे खातात त्या दिवसभराच्या बोट टूर, नॉर्थ सेमूर, बार्तोलोमे वगैरे छोट्या बेटांच्या, माणशी 200 च्या घरात. त्या फक्त दोन घ्या आणि फक्त तुम्ही चौघं जा, 1600. एका बेटावरून दुसऱ्यावर स्पीडबोट माणशी 35, एकदाच केली तर 210. वरचे 1120 धरून साधारण आठ हजार होतात. न्यू जर्सीहून इक्वाडोरपर्यंतचं विमान वेगळं. तुमच्या क्रूझवाल्याचे 27 हजार आठवा.

दर्यावर्दी_७८
दोन टूर करून आलात तर गॅलापागोस बघितलं असं म्हणवत नाही हो. क्रूझवर तीन वेळचं जेवण, राहणं, आणि सोबत पार्कचा परवाना असलेला निसर्ग-गाइड, 16 माणसांमागे एक. त्या गाइडमुळे जे कळतं ते हॉटेलच्या गच्चीवरून कळत नाही.

सुगरण_ऑस्टिन
गच्चीवर कोण बसतंय? सांता क्रूझ बेटावरच्या पोर्तो आयोरा गावातून 'तोर्तुगा बे' किनाऱ्याला चालत जाता येतं, एक पैसा लागत नाही. काळ्या समुद्री घोरपडी अक्षरशः पायवाटेवर पसरलेल्या, एकावर एक पाय टाकून, आणि नाकातून मीठ फुरर्‌ करून उडवतात, माझा मुलगा तासभर तिथून हलला नाही. वर डोंगरात एल चातोला दहा-एक डॉलरमध्ये राक्षसी कासवं, चिखलात बसलेली, गवत तोडल्याचा आवाज ऐकू येतो इतकी जवळ. मासळीबाजारात समुद्रसिंह गिऱ्हाइकासारखा ओट्याला टेकून उभा. पैसे टाकल्यावरच बेट दिसतं असं नाही.

झुणका_भाकर
+1. आणि दर्यावर्दी, आजी-आजोबांना आठवडाभर बोटीवर ठेवायचं का याचा पण विचार करा. मुग्धा, आईंना गाडी लागते का?

मुग्धा_जर्सी
आईला लागते, ताम्हिणी घाटात सुद्धा लागते. आणि बाबांचा गुडघा.

तळकोकणी
मग नीट ऐका. जून ते नोव्हेंबर तिकडे थंड हंबोल्ट प्रवाह जोरात असतो, समुद्र खवळलेला आणि पाणी गार. बेटांमधल्या त्या स्पीडबोटी लहान असतात, दोन तास आपटत आपटत जातात, मी दर्याकाठचा माणूस असून माझं तोंड उतरलं होतं. सान क्रिस्तोबालहून थेट इझाबेला नाही, सांता क्रूझवरूनच जावं लागतं, म्हणजे तिन्ही बेटं करायची तर आईंची परीक्षा. इझाबेला सोडा. बाल्त्रा विमानतळावर उतरा, सांता क्रूझला राहा, एकच बोट घेऊन सान क्रिस्तोबालला जा आणि तिथल्याच विमानतळावरून परत. म्हणजे बोट एकदाच. सकाळची घ्या, मागे बसवा, गोळी आधी द्या.
बाल्त्राहून टॅक्सी करू नका, एका टॅक्सीत सहा जण बसत नाहीत. बस माणशी 5, मधली समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडायला होडी 1, पलीकडून पुन्हा बस. बॅगा मात्र स्वतः चढवाव्या लागतात, बाबांना उचलू देऊ नका. पोहायला वेटसूट भाड्याने घ्या, तिथे वाचवू नका, मुली कुडकुडतात.

अटलांटावाला
क्वीटोत एक रात्र राहा, जुनं शहर फार देखणं आहे.

पिंपळपान
क्वीटो 2850 मीटरवर आहे. सत्तरीच्या माणसांना विमानातून थेट तिथे उतरवायचं? ग्वायाकिल समुद्रसपाटीला आहे, तिथून जा.

अटलांटावाला
ग्वायाकिलच्या बातम्या वाचता का? जानेवारी 2024 मध्ये देशात आणीबाणी लावली होती.

पिंपळपान
वाचतो. म्हणून विमानतळाला लागून असलेल्या हॉटेलात रात्र काढायची, शहर हिंडायचं नाही, पहाटेचं विमान. त्या हॉटेलसाठी वीस-तीस डॉलर जास्त गेले तरी चालतील.

मुग्धा_जर्सी
हे फार कामाचं आहे, थँक्यू. जेवणाचं काय? आई-बाबा पूर्ण शाकाहारी. डबे भरून नेऊ का? चिवडा, मेतकूट, दशम्या?

सुगरण_ऑस्टिन
जपून. बेटावर बाहेरचं बी-बियाणं जाऊ नये म्हणून बॅगा तपासतात, आधीही आणि उतरल्यावरही. फळं, बिया, कढीपत्ता, ओलं काही नको. आमच्या सासूबाईंच्या चिवड्याची पिशवी तपासणाऱ्या बाईने उघडली, तळलेला कढीपत्ता बोटात धरून उजेडात बघितला, वास घेतला, मग वरिष्ठांना बोलावलं. शेवटी चिवडा त्यांनी ठेवून घेतला. त्यांचं बरोबरच आहे म्हणा, तिथल्या झाडांना बाहेरच्या किडीने, तणाने फार त्रास झालाय. बंद पाकिटातलं न्या आणि विचारायच्या आधी दाखवा.
तिथे मेनेस्त्रा मिळते, डाळ नाहीतर चवळीसारख्या दाण्यांची उसळच, भात आणि केळ्याचे तळलेले पाताकोन. दुपारी ठरलेलं जेवण मागा, ते स्वस्त असतं. "सिन कार्ने, सिन पेस्कादो" (मांस नको, मासे नको) एवढं पाठ करा, आणि मटनाचं पाणी घातलंय का ते वेगळं विचारा. स्टीलच्या बाटल्या प्रत्येकाला, एकदाच वापरायचं प्लास्टिक तिथे बंद आहे, नळाचं पाणी पिऊ नका.

नवखी_प्रवासी
200 डॉलर फी म्हणजे लूट नाही का? नुसतं आत जायचे?

तळकोकणी
नाही वाटत मला. 100 ची फी 1998 पासून होती तशीच होती, 26 वर्षं वाढवली नव्हती. बेटांच्या जमिनीचा 97 टक्के भाग पार्क आहे. बाहेरून आणलेल्या शेळ्यांनी पिंटा बेट खरवडून खाल्लं आणि तिथल्या कासवांच्या जातीतला शेवटचा जॉर्ज 24 जून 2012 ला गेला, पोर्तो आयोराला पार्कच्या कासव-केंद्रात त्याला जतन करून ठेवलंय. हे राखायला माणसं लागतात, बोटी लागतात. दोनशे द्यावेत.

दर्यावर्दी_७८
हे मात्र शंभर टक्के पटलं.
मुग्धा, आईंना बोट लागते म्हणताय तर क्रूझचा आग्रह सोडतो. पण दोनपैकी एक टूर नॉर्थ सेमूरची घ्याच, निळ्या पायांचे बूबी पक्षी वाटेतच घरटं करून बसलेले असतात. आणि टूर आधी इथून बुक करू नका, पोर्तो आयोराच्या दुकानांत दोन-तीन ठिकाणी विचारा, स्वस्त पडतं.

पिंपळपान
दोघांना मिळेल, सहा जणांना ऐन गर्दीच्या सीझनला आयत्या वेळी नाही. चारच जाताय ना? एक तरी आधी करा.

मुग्धा_जर्सी
ठरलं, जूनचा शेवटचा आठवडा, ग्वायाकिलवरून, दोन बेटं, इझाबेला नाही. कॉन्सुलेटला मेल टाकलाय, उत्तर येईपर्यंत तिकिटं काढत नाही. कॅश किती नेऊ? कार्ड चालतं ना?

तळकोकणी
हॉटेलात, मोठ्या टूरवाल्यांकडे चालतं पण वर काही टक्के लावतात. इक्वाडोरचं चलन डॉलरच आहे, बदलायची भानगड नाही. पार्कचे हजार आणि कार्डांचे 120 वेगळ्या पाकिटात काढून ठेवा. बाकी 5, 10 आणि 20 च्या नोटा न्या, होडीवाले आणि खानावळवाले 100 ची नोट घेत नाहीत.

नवखी_प्रवासी
डिसेंबरमध्ये गेलं तर समुद्र शांत असतो का? आम्ही दोघंच आहोत, चार रात्री. वेगळा धागा काढू का?