रेडमी नोट ५ प्रो : स्क्रीन आणि बॅटरी घरीच बदलता येईल का?

गिरणीवाली

फोन २०१८ चा, रेडमी नोट ५ प्रो. दिवसभर माझ्याबरोबर पिठाच्या गिरणीत असतो. कुणाचं दळण कधी न्यायचंय, कुणाची उधारी किती, सगळं त्यातच. परवा डबा उतरवताना हातातून सुटला तो थेट शहाबादी फरशीवर. काच डाव्या कोपऱ्यापासून तडकली आहे आणि वरच्या बाजूला शाई सांडावी तसा काळा डाग पडलाय, तो रोज थोडा पसरतोय. टच मात्र सगळीकडे चालतो. बॅटरीचं रडगाणं आधीपासूनचंच. ४० टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडतो आणि चार्जरला लावला की पुन्हा ४० दाखवतो.

दोन दुकानांत विचारलं. एक म्हणाला, फोल्डर टाकावा लागेल. दुसरा म्हणाला, नुसती काच बदलून देतो, निम्म्या पैशांत. अट दोघांची एकच : फोन ठेवून जा आणि लॉक काय ते चिठ्ठीवर लिहून द्या. आत बँकेचं ॲप आहे, मन धजत नाही.

जात्याला टाकी मी स्वतः लावते, मोटरचा कपॅसिटर बदलते, पट्टा चढवते. स्क्रू ड्रायव्हरची भीती नाही, पण इतकी नाजूक वस्तू कधी उघडलेली नाही. कुठे घोळ होऊ शकतो तेवढं सांगा.

पेठेतला नाना

२०१८ चा फोन? त्याला अपडेट यायचेही केव्हाच बंद झाले. फोल्डर, बॅटरी, हत्यारं आणि तुमचा एक अख्खा रविवार. त्यात थोडी भर घातली की नवा येतो. तरीही करायचंच असेल तर पार्ट पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळतील, पण तिथेही पारखून घ्यावे लागतात.

गिरणीवाली

नाना, नव्या फोनमध्येही पीठ जाणारच आहे. जुना चालतोय तोवर चालवू.

वाशिष्ठीकाठ

ताई, मी चिपळूणला मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. तुमचं काम घरी होण्यासारखं आहे, पण पार्ट कसा मागवता त्यावर सगळं अवलंबून आहे.

आधी तो काचवाला निकालात काढू. नुसती काच तेव्हाच बदलता येते, जेव्हा खालचा डिस्प्ले धड असतो. तुमचा काळा डाग म्हणजे डिस्प्लेच आतून फुटलाय, आणि पसरतोय म्हणजे तो थांबणारही नाही. त्यावर नवी काच लावून उपयोग शून्य. शिवाय काच बदलायची म्हणजे सेपरेटरवर (काच सोडवायच्या तापत्या यंत्रावर) गरम करून तारेने कापायची, मग ओसीए शीट (काच चिकटवायचा पारदर्शक गोंदाचा पापुद्रा) आणि बुडबुडे काढायचं मशीन. तो घरचा खेळ नव्हे.

तेव्हा फोल्डर. फोल्डर म्हणजे डिस्प्ले, टच आणि काच एकत्र जोडलेला संच. तो दोन प्रकारे मिळतो, नुसता आणि 'विथ फ्रेम', म्हणजे आतल्या चौकटीसकट. विथ फ्रेम थोडा महाग असतो, तरी तुम्ही तोच घ्या. कारण ऐका. घरी करणाऱ्याचा फोन दोन जागी मरतो. एक, फुटलेली काच गरम करून फ्रेमपासून सोडवताना. बोटात काचा जातात आणि जुना गोंद नीट न निघाल्यामुळे नवा फोल्डर एका कोपऱ्यात उचललेला राहतो. दुसरं, चिकटवलेली बॅटरी उपसताना. लोक खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात, बॅटरी वाकते, कधी भोक पडतं आणि धूर निघतो. विथ फ्रेम घेतलात तर ही दोन्ही कामं करायचीच नाहीत! जुनी काच आणि जुनी बॅटरी जुन्या फ्रेमलाच चिकटलेली राहू द्यायची. तुम्ही फक्त आतलं बिऱ्हाड नव्या फ्रेममध्ये हलवायचं आणि रिकाम्या जागी नवी बॅटरी बसवायची.

मागवताना 'नोट ५' नव्हे, 'नोट ५ प्रो' असं ठासून सांगा. दोन्ही फोन वेगळे आहेत, एकाचं दुसऱ्याला बसत नाही. बॅटरीवर बीएन४५ छापलेलं असतं, ४००० एमएएच. बीएन४४ हातात दिली तर परत करा, ती साध्या नोट ५ ची.

आता उघडणं. सगळ्याचा बॅकअप घ्या, चार्ज २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या, फोन बंद करा आणि सिमचा ट्रे आधी बाहेर काढा. पाठीचा धातूचा भाग आणि पुढची काळी कड यांच्यामधल्या फटीत प्लॅस्टिकचा ओपनर घाला. नसेल तर मुदत संपलेलं एटीएम कार्ड चालतं. कडेकडेने फिरवलं की टक टक करत खाचा सुटतात. सुटल्यावर पाठ उपटून बाजूला ठेवायची नाही! फिंगरप्रिंटची पट्टी पाठीला चिकटलेली असते आणि तिचं दुसरं टोक बोर्डावर असतं. पाठ जराशीच उचलायची, पट्टीचं कनेक्टर नखाने वर करायचं, मग पाठ काढायची. दुकानात 'फिंगरप्रिंट चालत नाही' म्हणून जे फोन येतात, त्यांतले बरेचसे घरी उघडलेले असतात.

वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवणं. बाकी कशालाही हात लावण्याआधी. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेची पट्टी काढली-लावली तर बॅकलाइटची लाइन उडते. मग चित्र येतं पण उजेड नाही, आणि तो दोष बोर्डावरचा असतो.

स्क्रू सारखे दिसतात, पण लांबी कमी-जास्त असते. कागदावर फोनची आकृती काढा आणि निघेल तो स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावत जा. लांब स्क्रू आखूड जागेत पिळला तर तो बोर्डात नाहीतर डिस्प्लेच्या पाठीत घुसतो.

बिऱ्हाड हलवताना मोठ्या वस्तू कुणी विसरत नाही. बोर्ड, कॅमेरे, चार्जिंगचा खालचा बोर्ड, स्पीकर हे दिसतंच. राहतात त्या बारीकसारीक. अँटेनाची केसासारखी तार दोन्ही टोकांना टक् करून बसली पाहिजे, नाहीतर नेटवर्क एकाच काडीवर. पॉवर आणि आवाजाच्या बटणांची पट्टी फ्रेमच्या कडेला चिकटवलेली असते. हेअर ड्रायरने कोमट करून हळू सोलायची, दुमडायची नाही. व्हायब्रेटरही तसाच चिकटवलेला. आणि कानाच्या स्पीकरशेजारी सेन्सरभोवती एक छोटं काळं रबर असतं. ते जुन्या फ्रेममध्येच राहिलं की कॉल आला रे आला, स्क्रीन काळी होते ती फोन कानापासून दूर नेला तरी उजळत नाही. माणसाला वाटतं नवा फोल्डरच खराब.

पाठ बसवण्याआधी फोन चालू करून पाहा. डायल पॅडवर *#*#६४८४#*#* टाकलं की शाओमीचा स्वतःचा तपासणीचा मेनू उघडतो, त्यात टच, सेन्सर, स्पीकर, व्हायब्रेटर एकेक करून बघता येतं. तोवर नव्या फोल्डरवरची पातळ फिल्म काढू नका. फिल्म निघाली की दुकानदार माल परत घेत नाही, हा सगळ्या बाजाराचा नियम.

पीठ मऊ कोरड्या ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. चार्जिंगच्या तोंडात बसलेलं पीठ फोन बंद असताना लाकडी टूथपिकने सुटतं. कानाच्या जाळीला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवलेला ब्रश. आमच्याकडे जुलै २०२१ च्या पुरानंतर पिशव्या भरभरून फोन आले होते, निम्मे तांदळाच्या डब्यातून काढून आणलेले. तांदळाचा कोंडा आणि पाणी मिळून चार्जिंगच्या तोंडात जी खळ होते ती काढता काढता जीव जातो. तुमच्याकडे खळीचं सामान आधीच आत आहे, म्हणून पावसाळ्यात जपा.

अणुरेणू

४० टक्क्यांवर बंद पडण्याचं कारण : सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा उघडला किंवा नेटवर्क शोधायला लागला की फोन एकदम जास्त करंट ओढतो, तेवढ्यात व्होल्टेज खाली बसतं आणि फोन स्वतःला बंद करतो. चार्जरला लावला की भार कमी, म्हणून आकडा पुन्हा ४०. म्हणजे बॅटरीच बदलायला हवी, सॉफ्टवेअर रिसेट करून काही होणार नाही.

आणि एक. हे काम गिरणीत करू नका, घरी करा. हवेत तरंगणारं पीठ पेट घेतं, आणि लिथियमच्या बॅटरीला चुकून टोक लागलं तर ठिणगी नाही, सरळ ज्वाळा येते. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवा.

पेठेतला नाना

लॉक चिठ्ठीवर लिहून मागणारे सगळीकडे सारखेच. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, कंपन्यांनी तिथे दुरुस्तीची माहिती द्यावी म्हणून. गल्लीतल्या दुकानाला त्याचं काय! वाशिष्ठीकाठ यांचा फ्रेमचा मुद्दा मात्र पटला. माझ्या फोनला नुसता फोल्डर टाकून घेतला होता, त्याची कड आजही दाबली की करकरते.

गिरणीवाली

झालं काम! फ्रेमसकट फोल्डर आणि बीएन४५ मागवली. ओट्यावर पांढरी चादर घालून बसले, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो. सगळ्यात वेळ खाल्ला बटणांच्या पट्टीने, ड्रायर तीनदा फिरवला तेव्हा सुटली. रबर खरंच जुन्या फ्रेममध्ये अडकून बसलं होतं, चिमट्याने काढलं. ६४८४ वाल्या मेनूत सगळं हिरवं आलं, मगच फिल्म काढली. चार्जिंगच्या तोंडातून निघालं ते बाजरीचं पीठ होतं, रंगावरून कळलं.

आता जुनी फ्रेम, तिला चिकटलेली बॅटरी आणि फुटकी काच घरात पडून आहे. घंटागाडीत द्यायची का?

वाशिष्ठीकाठ

घंटागाडीत अजिबात नको ताई, गाडीत दाबली गेली तर पेटेल. बॅटरीच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावा, काचेवर रुंद टेप मारा आणि कुठल्याही कंपनीच्या सेवा केंद्रात ई-कचरा घेतात का विचारा, बऱ्याच ठिकाणी डबा ठेवलेला असतो. तोवर पत्र्याच्या डब्यात, उन्हापासून लांब. आणि नवी बॅटरी पहिल्यांदा १०० पर्यंत भरून एकदा सलग वापरून उतरवा, म्हणजे टक्क्यांचा आकडा जागेवर येईल.