जाडोव्हिलचा वेढा खरा की पिक्चरवाल्यांचा मसाला?

गिरगावकर: काल रात्री 'द सीज ऑफ जाडोव्हिल' बघितला, २०१६ चा. दीडशेच्या आसपास आयरिश जवान, यूएनचे शांतिसैनिक, काँगोत अडकलेत, समोर हजारोंची फौज, आणि एकही मरत नाही?? हे खरंच झालंय का?

परळची_पोर: हो रे, खरंय. सप्टेंबर १९६१, कटांगा प्रांत. सकाळी बरेच जण प्रार्थनेला होते तेव्हाच हल्ला झाला, पण कमांडंट क्विनलननी आधीच खंदक खणून घेतले होते म्हणून वाचले. काही जखमी झाले, पण एकही गेला नाही. शेवटी गोळ्या आणि पाणी दोन्ही संपत आलं, हेलिकॉप्टरनी पाणी आलं तर ते इंधनाच्या कॅनमधलं, पिववत नव्हतं! म्हणून हत्यारं टाकावी लागली. आणि घरी गेल्यावर शाबासकी सोडा, कित्येक वर्षं नाव खराब, क्विनलन १९९७ ला गेले तोवर काहीच मिळालं नाही. २०१६ ला त्या तुकडीचा गौरव झाला. मला तर याचाच जास्त राग येतो.

दादर_वेस्ट: एक ॲड करतो, त्याच कटांगात आपले गुरखे पण होते. कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथविलला लढताना गेले, परमवीर चक्र मिळालं. यावर पण कुणीतरी असाच नीट पिक्चर काढायला हवा राव.

गिरगावकर: भारी माहिती, थँक्स दोघांना. मग आज बाबांना घेऊन परत बघतो.