इनाना ही सुफलतेची देवी होती का?

वीटकरी
मेसोपोटेमियाबद्दल काहीही वाचायला घ्या, ‘इनाना (सुमेरियन नाव), म्हणजेच इश्तार (अक्कडी नाव): प्रेमाची आणि सुफलतेची देवी’ एवढ्यावर तिची बोळवण होते. मला हे अजिबात पटत नाही. अक्कडचा राजा सारगोन याची मुलगी एनहेदुआना ही उर शहरातल्या चंद्रदेवाची मुख्य पुजारीण (इ.स.पू. २३०० च्या सुमारास). तिच्या नावावरच्या रचनांमध्ये इनाना रणांगणात गर्जते, नमला नाही म्हणून एबिह पर्वत उद्ध्वस्त करते. युद्ध, राजसत्ता, शुक्राचा तारा हे तिचं क्षेत्र. गर्भ आणि जन्म निनहुरसाग या मातृदेवीकडे होते.

काळी_माती
साफ असहमत. एनहेदुआनाच्या आधीच्या सात-आठशे वर्षांचं काय? उरुक शहरात, इनानाच्याच एआन्ना मंदिराच्या परिसरात सापडलेला वारका कलश पाहा. मीटरभर उंच, अलाबास्टर या मऊ दगडाचा. तळाशी पाणी, त्यावर पिकं, मग मेंढ्या, मग भरलेली भांडी आणि टोपल्या घेऊन निघालेले नग्न पुरुष, आणि सगळ्यात वर इनानाची खूण असलेले बोरूच्या जुड्यांचे खांब. तिच्यापाशी पोचण्याचा रस्ताच पाणी आणि पिकांतून जातो. (२००३ मध्ये बगदादच्या संग्रहालयातून हा कलश लुटला गेला आणि तुकड्यांत परत आला. ते फोटो आजही बघवत नाहीत.)

वीटकरी
पण टोपल्या भरलेल्या आहेत! पीक आधीच हाती आलंय. थॉरकिल्ड याकोबसेन हे अभ्यासक तिला मुळात खजुराच्या कोठाराची देवी मानत. साठ्याची राखण वेगळी, पिकवणं वेगळं.

पाटीवाचक
इश्तारच्या पाताळप्रवासाची अक्कडी कथा विसरलात का? ती खाली अडकते आणि वर बैल गाईकडे फिरकत नाही, माणसांचाही समागम थांबतो. याहून थेट पुरावा कोणता हवा?

वीटकरी
ती अक्कडी भाषेतली कथा. त्याहून जुन्या, सुमेरियन भाषेतल्या कथेत इनाना सात दरवाजे ओलांडते, मरते, तिचं प्रेत खुंटीला टांगलं जातं, पण पृथ्वीवरची वीण थांबल्याचं त्यात कुठेही नाही. हा भाग नंतरचा.

काळी_माती
मग सुमेरियनच घ्या. तिचा पती दुमुझी या मेंढपाळ देवासोबतच्या प्रेमगीतात ती स्वतःच्या योनीला शेत म्हणते, ‘हे नांगरणार कोण?’ असं विचारते, आणि मिलनानंतर तिथे धान्य उंच वाढतं, बागा बहरतात. शुल्गीसारखे राजे दुमुझीच्या जागी उभे राहून तिचे पती म्हणवून घेत, तेही याच भरभराटीसाठी. तिच्या हातातली शस्त्रं मला मान्यच आहेत. पण या गाण्यात कोठार कुठे आहे, ते दाखवा.