प्रति: फॉगिंग झालं म्हणजे वॉर्ड निर्जंतुक?

भाऊ, तुम्ही वर लिहिलंय की आठवड्यातून एकदा फॉगिंग (जंतुनाशकाची धुक्यासारखी फवारणी) केलं की वॉर्डची काळजी मिटली. नाही मिटत हो. बेडच्या कठड्यावरचा वाळलेला डाग फडक्याने घासल्याशिवाय जात नाही, आणि मळावर औषध नीट लागू पडत नाही.

मी नागपुरात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. आमचा खरा घोळ मे महिन्यात, कडक उन्हात होतो. रक्त सांडलं की १ टक्का हायपोक्लोराइट (क्लोरीनवालं जंतुनाशक) लागतं. ५ टक्क्यांच्या कॅनमधून एक भाग घ्यायचा, चार भाग पाणी. सोपं आहे. पण एकदा राउंडला गेले तर पाणी घालून ठेवलेला डबा खिडकीत, उन्हात, झाकण उघडं, वर तारीख परवाची! ऊन लागलं की क्लोरीनचा जोर उतरतो, उरतं ते वासाचं पाणी. तेव्हापासून डब्यावर चिकटपट्टी: तारीख, वेळ, सही. रोज ताजं.

आणि कूलर! नातेवाईक घरून आणतात. 'पेशंटले गरमी होते ना मॅडम' म्हटलं की नाही म्हणवत नाही. पण कूलरच्या ओल्या ताट्यांत (गवताच्या पडद्यांत) बुरशी धरते, टाकीत डास. किमोवाल्या (कॅन्सरच्या औषधाने प्रतिकारशक्ती उतरलेल्या) पेशंटच्या खोलीत मात्र मी तो येऊ देत नाही, मग कितीही भांडण होवो.

हातांचं कुणीतरी विचारलं होतं. अल्कोहोल रब (हातांना चोळायचं सॅनिटायझर) २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईस्तोवर. हात मळलेले दिसले किंवा जुलाबाचा पेशंट असला तर साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद.